रेंजवरील सरावासाठी परवडणारे एअर पिस्तूल कसे निवडावे

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले, सरबजोत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक गटात दुसरे कांस्य घेतले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक पटकावले. तेव्हापासून छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी या भागांतही पालक आणि तरुण रेंजवर येऊन एकच प्रश्न विचारतात, की कमी पैशांत चांगले पिस्तूल कोणते घ्यावे. या प्रश्नाला एका मॉडेलचे नाव सांगून उत्तर देणे सोपे आहे, पण ते बहुधा चुकीचे ठरते. ज्या पिस्तुलाने आठवड्यातले पाच-सहा दिवस अडथळ्याविना सराव करता येतो, ज्याचे छर्रे आणि हवा आपल्या गावाच्या आवाक्यात मिळतात आणि जे आपल्या हाताला बसते, तेच परवडणारे पिस्तूल होय. ते निवडताना निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावेत, हे पुढे सांगितले आहे.

पहिला निर्णय: हवेचे की काडतुसाचे

नवख्या नेमबाजाने .२२ किंवा .३२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) काडतुसाच्या पिस्तुलाचा विचार आरंभी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवाना लागतो. तो जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. अर्जासोबत पोलीस चौकशी येते, काडतुसांच्या खरेदीवर मर्यादा येते, आणि एवढे सगळे पार पाडल्यावरही २५ मीटरची सुरक्षित रेंज मराठवाड्यात सहज सापडत नाही. ९ मिलिमीटरचे पिस्तूल तर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते.

हवेच्या पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. ज्याच्या नळीचा व्यास ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नाही आणि ज्याची नळीच्या तोंडाशी मोजलेली ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, अशा हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. सामन्याचे एअर पिस्तूल या मर्यादेच्या कितीतरी खाली असते. सुमारे ०.४५ ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा जेमतेम ५ ज्यूल भरते. कागदावर स्वच्छ गोल भोक पाडायला एवढी ऊर्जा पुरेशी असते, त्यामुळे दुकानदार "हे जास्त पॉवरचे आहे" असे कौतुकाने सांगू लागला, तर ते पिस्तूल आपल्या कामाचे नाही असे समजावे. परवाना लागत नसला तरी खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा द्यावा, आणि पक्के बिल मागून घ्यावे. बिलावर पिस्तुलाचा अनुक्रमांक लिहिलेला असला पाहिजे.

नियमांची चौकट लक्षात घेऊन खरेदी

आज स्पर्धेचा विचार नसला, तरी नियमांत न बसणारे पिस्तूल घेऊ नये. मुलगा किंवा मुलगी वर्षभरात शालेय नेमबाजी स्पर्धेपर्यंत पोहोचली, तर तेच पिस्तूल पुन्हा बदलावे लागते आणि दुप्पट खर्च होतो. नियम थोडक्यात असे आहेत. पिस्तुलाचे एकूण वजन १५०० ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. ते ४२० मिलिमीटर लांब, २०० मिलिमीटर उंच आणि ५० मिलिमीटर रुंद अशा पेटीत मावले पाहिजे. ट्रिगर म्हणजे चाप सुटायला किमान ५०० ग्रॅम वजनाचा जोर लागावा. मुठीचा कोणताही भाग मनगटाला आधार देणारा नसावा, कारण पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून आणि मनगट मोकळे ठेवून धरायचे असते. साइट म्हणजे नेम धरण्याचे साधन. दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साइट चालत नाही, फक्त पुढचा खुंट आणि मागची खाच असलेली उघडी साइट चालते.

लक्ष्याची मापेही माहीत असावीत, कारण पिस्तुलाकडून किती अचूकता हवी हे त्यांवरूनच ठरते. दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत ८ मिलिमीटरने वाढत जाते. काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा असतो. छर्र्याची कड रेषेला नुसती टेकली, तरी वरचे गुण मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत लागला, की दहा गुण पडतात. यावरून असे दिसते, की टेकणीवर ठेवून मारलेले पाच छर्रे जे पिस्तूल १०-१२ मिलिमीटरच्या आत ठेवते, ते नवख्याला पहिली दोन वर्षे मागे ओढणार नाही. सात आणि आठ गुण पडत असतील, तर त्याचे कारण हातात, डोळ्यात आणि ट्रिगरवरच्या बोटात शोधावे लागते.

हवेची व्यवस्था: सर्वांत महत्त्वाचा निर्णय

एअर पिस्तुले मुख्यतः चार प्रकारांनी छर्रा ढकलतात. यांतला योग्य प्रकार निवडला, की निम्मे काम झाले. मराठवाड्याच्या हवामानाचा आणि सोयींचा विचार करूनच हा निर्णय घ्यावा, पुण्या-मुंबईच्या नेमबाजाकडे काय आहे ते पाहून घेऊ नये.

स्प्रिंगचे पिस्तूल सर्वांत स्वस्त असते. चाप ओढल्यावर आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तुलाला पुढे-मागे असे दोन हिसके बसतात. पकड किंचित बदलली तरी छर्रा वेगळीकडे जातो, म्हणून चूक आपली की पिस्तुलाची हे शिकाऊ नेमबाजाला कळत नाही. शिवाय छर्र्याविना चाप ओढला, तर पिस्टनचे सील खराब होते. गंभीर सरावासाठी हा प्रकार मी सुचवणार नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांवर चालणारी पिस्तुले दिसायला आकर्षक असतात आणि ऑनलाइन जाहिरातीही त्यांच्याच जास्त येतात. मात्र या वायूचा दाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार (बार हे दाबाचे एकक) असतो, तर ३० अंशांना सुमारे ७२ बार होतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्याकडे मार्च ते जून या काळात पत्र्याच्या छपराखालच्या हॉलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा अशा पिस्तुलाचा वेग सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, आणि कधी दाब इतका वाढतो, की आतला व्हॉल्व्ह नीट उघडतच नाही. उलट डिसेंबरच्या सकाळी वेग खाली येतो. त्यात दर काही फैरींनंतर नवे नळकांडे लागते, म्हणजे छर्र्यांच्या खर्चावर आणखी एक कायमचा खर्च बसतो. अचूक सराव करू इच्छिणाऱ्याने मराठवाड्यात या प्रकारापासून लांब राहावे.

तिसरा प्रकार एकदाच दाबायच्या पंपाचा आहे, ज्याला रेंजवर सिंगल स्ट्रोक म्हणतात. प्रत्येक छर्र्याआधी लिव्हर एकदा पूर्ण उघडून बंद करायची, की ठरावीक हवा दाबली जाते. हवेचे आकारमान दर वेळी तेवढेच असल्यामुळे वेगात फारसा फरक पडत नाही. पिस्तुलाला हिसका जवळपास नसतो. सिलिंडर नको, वेगळा पंप नको, वीज नको. वायहराउखचे एचडब्ल्यू ४० आणि गामोचे कॉम्पॅक्ट ही या प्रकारातली साधी पिस्तुले आहेत. रशियन बनावटीचे बैकाल आयझेडएच ४६ एम आणि जर्मनीच्या फाइनवर्कबाऊचे १०३ ही मात्र खऱ्या अर्थाने सामन्याची पिस्तुले असून ती आता मुख्यतः जुन्या बाजारात मिळतात. सामन्यात ६० फैरी असतात, म्हणजे सरावाच्या फैरी धरून लिव्हर ऐंशी-शंभर वेळा दाबावी लागते, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते जड जाते. लहान मुलाच्या बाबतीत लिव्हर पालकाने दाबून द्यावी. दाबलेली हवा आत ठेवून पिस्तूल उगाच पडून राहू देऊ नये, त्याने सीलवर ताण येतो. एवढी काळजी घेतली, तर हा प्रकार जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या नवख्या नेमबाजासाठी सर्वांत योग्य आहे, असे मी निःसंकोचपणे सांगतो.

चौथा प्रकार आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरचा, म्हणजे पीसीपी. आज जागतिक स्पर्धांत दिसणारी स्टायर, मोरिनी, पार्दिनी, वाल्थर आणि फाइनवर्कबाऊ यांची पिस्तुले याच प्रकारची असतात. सिलिंडर साधारणपणे २०० बारपर्यंत भरतात, आणि एका भरणीत शंभराहून अधिक छर्रे सुटतात. ही नवी पिस्तुले लाखाच्या पुढे जातात आणि नामांकित मॉडेल दीड-दोन लाखांच्या घरात असते. पैशांपेक्षाही मोठा प्रश्न हवा भरण्याचा आहे. आपल्या रेंजवर स्कुबा (पाणबुड्यांचा हवेचा) सिलिंडर किंवा कॉम्प्रेसर आहे का, तो कोणाच्या ताब्यात असतो आणि सुट्टीत मिळतो का, हे आधी विचारावे. तशी सोय नसेल, तर उच्च दाबाचा हातपंप वेगळा घ्यावा लागतो. पंप मारताना मध्ये थांबून तो थंड होऊ द्यावा आणि साचलेला ओलावा बाहेर सोडावा.

एक धोक्याची सूचना येथे ठळकपणे द्यायला हवी. वेल्डिंगच्या दुकानातला किंवा रुग्णालयातला ऑक्सिजन पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये कधीही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि सीलवरचे वंगण एकत्र आले, की स्फोट होऊ शकतो. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा. सीलसाठी सिलिकॉनचे ग्रीस वापरावे, शिलाई मशीनचे किंवा गाडीचे तेल वापरू नये.

हातात घेऊन पाहणे: मूठ, साइट आणि ट्रिगर

पिस्तूल हातात न घेता मागवू नये. त्यासाठी एकदा पुण्याच्या बालेवाडीतील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या रेंजवर किंवा जवळच्या एखाद्या क्लबात जावे, तिथल्या नेमबाजांना विनंती करून दोन-चार प्रकारची पिस्तुले उचलून पाहावीत, आणि मगच पैसे काढावेत. एसटीचे भाडे आणि एक दिवस एवढाच काय तो खर्च.

मुठीची परीक्षा अशी घ्यावी. रिकामे पिस्तूल सुरक्षित दिशेने धरून लक्ष्याकडे उभे राहावे, डोळे मिटावेत, हात नेहमीप्रमाणे उचलून लांब करावा आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ हाताला बसते आहे. ती दर वेळी डावीकडे किंवा वर दिसत असेल, तर मनगट वाकवून ती जुळवावी लागेल, आणि साठाव्या फैरीपर्यंत मनगट दमेल. सामन्याच्या मुठी लहान, मध्यम आणि मोठ्या मापांत, डाव्या-उजव्या हातासाठी वेगवेगळ्या मिळतात, आणि तळहाताखालची फळी वर-खाली सरकवता येते. थोडी पोकळी राहिली असेल, तर एपॉक्सी पुट्टी भरून आणि पॉलिश पेपरने घासून मूठ बसवता येते. मात्र मोठी मूठ लहान हातासाठी घेऊन "वाढत्या वयात बसेल" असा हिशेब करू नये. पिस्तूल शाळेच्या गणवेशासारखे दोन बोटे मोठे घेऊन चालत नाही.

वजनाबाबत घाई नको. सामन्याची पिस्तुले साधारणपणे एक किलोच्या आसपास असतात, आयझेडएच ४६ एम सव्वा किलोच्या पुढे जाते, तर एचडब्ल्यू ४० पाऊण किलोच्या जवळपास भरते. हलके पिस्तूल मुलांना सोयीचे वाटते, पण ते हवेत जास्त थरथरते. हात लांब करून वीस सेकंद धरता येईल आणि खांदा वर चढणार नाही, इतके वजन योग्य मानावे.

साइटच्या लांबीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, म्हणून थोडे गणित सांगतो. पुढची आणि मागची साइट यांत ३२० मिलिमीटर अंतर असेल आणि त्यांच्या जुळणीत केवळ अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे १५.६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन वर्तुळे बाजूला जातो. हेच अंतर २०० मिलिमीटर असेल, तर तीच चूक २५ मिलिमीटरची, म्हणजे तीन वर्तुळांहून अधिकची होते. म्हणून आखूड पिस्तूल स्वस्त दिसले तरी शिकणाऱ्याला ते अवघड जाते. मागची साइट स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकली पाहिजे. ठिपके असलेली चमकदार फायबरची साइट टाळावी. सपाट, काळी आणि चौकोनी साइट हवी, कारण काळ्या वर्तुळाच्या खाली पांढऱ्या जागेत ती धरून दोन्ही बाजूंचा उजेड सारखा ठेवायचा असतो.

ट्रिगरसाठी किराणा दुकानातले अर्ध्या किलोचे माप आणि मजबूत दोरी एवढे पुरे आहे. नळी आभाळाकडे करून पिस्तूल उभे धरावे, रिकामे असल्याची खात्री करून ते सज्ज करावे, दोरी ट्रिगरच्या मध्यावर अडकवून माप जमिनीवरून हळूच उचलावे. माप उचलले गेले आणि ट्रिगर सुटला नाही, तर वजन नियमात बसते. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बोटाला जाणवते. पहिला टप्पा मऊपणे मागे यावा, मग स्पष्ट थांबा लागावा, आणि त्यानंतर किंचित दाबाने काचेची काडी मोडावी तसा चाप सुटावा. खरखर जाणवली किंवा चाप दर वेळी वेगळ्या जागी सुटला, तर ते पिस्तूल कितीही स्वस्त असले तरी परत द्यावे.

जुने पिस्तूल घेताना

मोठ्या शहरांतले नेमबाज नवे मॉडेल आले की जुने विकतात, आणि कमी बजेटमध्ये सामन्याच्या दर्जाचे पिस्तूल मिळण्याचा हाच खरा मार्ग आहे. पीसीपी असेल, तर प्रथम सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचावी. सिलिंडरची मुदत दहा वर्षांची धरली जाते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत अडवला जाऊ शकतो आणि तो वापरणे सुरक्षितही नसते. नव्या सिलिंडरची किंमत विकणाऱ्याच्या भावातून वजा करूनच बोलणी करावीत. मग सिलिंडर भरून गेजवरचा (दाबमापकावरचा) आकडा लिहून ठेवावा आणि रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा पाहावा. काटा खाली आला असेल, तर सील गळते आहे. सिंगल स्ट्रोक असेल, तर लिव्हर दाबून काही मिनिटांनी चाप ओढावा आणि आवाज ताज्या फैरीसारखाच येतो का, ते ऐकावे. स्क्रूंची डोकी झिजलेली दिसली, तर पिस्तूल अनेकदा उघडले गेले आहे असे समजावे. शेवटी टेकणीवरून पाच-पाच छर्र्यांचे तीन गट मारून पाहावेत. विकणारा यासाठी तयार नसेल, तर व्यवहार तिथेच सोडावा. मूळ बिल आणि विक्रीचा लेखी कागद दोन्ही घ्यावेत.

छर्रे आणि महिन्याचा हिशेब

पिस्तुलाची किंमत एकदाच द्यावी लागते, छर्र्यांची दर महिन्याला. रोज ६० फैरी आणि महिन्याला २५ दिवस सराव धरला, तर १५०० छर्रे लागतात, म्हणजे ५०० च्या तीन डब्या. पिस्तुलावर सगळे पैसे खर्च करून डबी संपल्यावर आठ दिवस घरी बसणारे होतकरू नेमबाज मला माहीत आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून एकूण रकमेतून सहा महिन्यांचे छर्रे, डोळ्यांचा चष्मा, पेटी आणि रेंजची फी आधी बाजूला काढावी, आणि उरेल त्यात पिस्तूल बसवावे.

छर्रे सपाट तोंडाचेच घ्यावेत, कारण ते कागदावर गोल आणि नेमके भोक पाडतात. टोकदार छर्रे रेंजच्या कामाचे नाहीत. सरावासाठी साधे आणि स्पर्धेसाठी एच अँड एन किंवा आरडब्ल्यूएससारख्या कंपनीचे सामन्याचे छर्रे, अशी विभागणी केल्यास खर्च आटोक्यात राहतो. एकाच पिस्तुलात ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर डोक्याचे छर्रे वेगळे गट देऊ शकतात. म्हणून मोठा साठा घेण्याआधी एक-एक डबी तपासून घ्यावी. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरण्याची सवय मुलांना लागू देऊ नये, आणि सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू देऊ नये.

ने-आण आणि घरातील ठेवण

एअर पिस्तूल लांबून खऱ्या पिस्तुलासारखे दिसते. ते नेहमी बंद पेटीत, रिकामे आणि नळीत रंगीत सुरक्षा-दोरी घालून न्यावे, पेटीत बिलाची प्रत व क्लबचे ओळखपत्र ठेवावे, आणि बसस्थानकावर किंवा गावच्या पारावर ते कोणालाही काढून दाखवू नये. घरी छर्रे वेगळे आणि पिस्तूल वेगळे, दोन्ही कुलपात असावेत. शेतात पाखरांवर ते चालवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

खरेदीनंतरचा पहिला महिना

पिस्तूल आले की लगेच साइट फिरवू नये. आधी दहा छर्रे शांतपणे एकाच जागी धरून मारावेत आणि गटाचा मध्य शोधावा. गट डावीकडे असेल तर मागची साइट उजवीकडे, खाली असेल तर वर, अशी ज्या दिशेला गट न्यायचा त्याच दिशेला सरकवावी, आणि पुन्हा दहा छर्रे मारून पाहावे. एका फैरीवरून साइट बदलणारा नेमबाज दिवसभर साइटच बदलत राहतो. सुमारे एक डबी संपली, की नळीतून फेल्टचे बोळे ओढून ती पुसावी. आपल्याकडची उन्हाळी धूळ लक्षात घेऊन पिस्तूल सराव संपताच पेटीत ठेवावे, टेबलावर उघडे सोडू नये.

घरी करायचा कोरा, म्हणजे छर्र्याविना चाप ओढण्याचा, सराव छर्र्याचा एक पैसाही खर्च न करता गुण वाढवतो. पिस्तुलाला त्याची सोय आहे का, हे खरेदीच्या वेळीच पुस्तिकेत पाहून घ्यावे. आयझेडएच ४६ एममध्ये हवा न दाबता ट्रिगर सज्ज करता येतो, आणि बहुतेक सामन्याच्या पीसीपींत त्यासाठी वेगळी कळ असते. नळी रिकामी असल्याचे स्वतः आणि घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहिल्यावर, छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत ठेवून, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रोज पंधरा-वीस मिनिटे फक्त साइटची जुळणी पाहत चाप ओढावा, आणि चाप सुटताना पुढची साइट हलली की नाही, एवढेच वहीत लिहावे.